बोअरच्या पाण्याने धुतलेली गाडी वाळवताना कोणता स्प्रे मारायचा?

कूलरच्या गवताच्या जाळीवर मे संपेपर्यंत जो पांढरा, खरखरीत थर चढतो तो कशाचा असतो, हे मराठवाड्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. बोअरचं जड पाणी आणि त्यातले क्षार. तेच पाणी गाडीवर ओतून उन्हात वाळू दिलं की प्रत्येक थेंबाच्या कडेने पांढरी गोल रेघ उरते. पाणी उडून जातं, क्षार जागेवरच राहतात. म्हणून गाडी वाळवताना मारायचा स्प्रे, दुकानात ज्याला ‘ड्रायिंग एड’ म्हणतात तो, निवडताना आधी आपलं पाणी बघायचं आणि मग बाटली.

या स्प्रेची खरी कामं दोनच. ओल्या पत्र्यावरून टॉवेल अडखळत न जाता सरकला पाहिजे, म्हणजे धुताना मागे राहिलेला एखादा मातीचा कण रंगावर ओरखडा काढत नाही. आणि पाणी एका फेरीत उचललं गेलं पाहिजे, म्हणजे थेंब जागेवर आटायला वेळच मिळत नाही. चकाकी हा वरचा नफा. रंगावरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, साधारण ४० ते ५० मायक्रॉन जाड असतो, आपल्या केसापेक्षाही पातळ. दर आठवड्याला कोरडं फडकं घासून पडलेल्या बारीक गोल रेघा पॉलिश मारून काढता येतात, पण दर पॉलिशला हा थर थोडा थोडा कमी होतो.

आधी पाणी मोजा

पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, म्हणजे टीडीएस, मोजणारा पेनासारखा मीटर काही शे रुपयांत मिळतो. गल्लीतल्या जारवाल्याकडे तो असतोच, बाटलीभर पाणी घेऊन गेलात तर मोजून देईल. आकड्याचा अर्थ सोपा आहे. ८०० टीडीएस म्हणजे लिटरभर पाणी आटलं की ८०० मिलिग्रॅम क्षार मागे उरणार. धुतल्यानंतर गाडीवर अर्धा लिटर पाणी राहिलं असं धरलं तर ०.४ ग्रॅम, म्हणजे चिमूटभर मीठ. चिमूटभर खरं, पण ते हजारो थेंबांच्या कडांना वाटलं जातं, म्हणून डोळ्यात भरतं.

पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आयएस १०५०० हे टीडीएस ५०० पर्यंत ठीक मानतं आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतं. कठीणतेची, म्हणजे पाण्याच्या जडपणाची, मर्यादा २०० मिलिग्रॅम प्रति लिटर, नाइलाज असेल तर ६००. म्हणजे पिऊन काही होत नाही असं पाणीही बॉनेटवर नकाशा काढू शकतं.

मीटर नसला तरी घरात खुणा असतात. डाळ शिजायला वेळ लागतो, साबणाला फेस येत नाही, हीटरच्या रॉडवर खपल्या धरतात. यांतलं काहीही असेल तर पाणी जडच समजा. घरी वॉटर सॉफ्टनर बसवला असेल तर एक गंमत होते: टीडीएस जवळपास तेवढाच दिसतो, कारण कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या जागी सोडियम आलेलं असतं. डाग तरीही पडतात, पण ओल्या फडक्याने सहज निघतात. कॅल्शियमचे डाग चिकटून बसतात.

पावसाचं पाणी सगळ्यात चांगलं. एसीच्या नळीतून टपकणारं पाणी हवेतल्या वाफेचं असतं, त्यामुळे त्यात क्षार जवळजवळ नसतात. सुती कापडातून गाळून घेतलं की स्प्रे पातळ करायला ते उत्तम. आरओचं पाणीही चांगलं. मात्र आरओच्या दुसऱ्या नळीतून जे पाणी बाहेर टाकलं जातं त्यात मूळ पाण्यापेक्षा जास्त क्षार असतात. ‘वाया कशाला घालवायचं’ म्हणून बरेच जण तेच बादलीत साठवून गाडीला वापरतात. फरशी पुसा, अंगणात शिंपडा, गाडीला नको. कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी त्याहून वाईट. ते दिवसभर आटून आटून घट्ट झालेलं असतं.

बाटल्यांचे प्रकार

बाजारात चार तऱ्हेच्या बाटल्या या कामासाठी विकल्या जातात आणि नावं एकमेकांत मिसळलेली असतात. लेबलावर पुढे काय लिहिलंय यापेक्षा मागे वापरायची पद्धत काय दिली आहे ते वाचा. ‘ओल्या पृष्ठभागावर वापरा’ हे शब्द तिथे नसतील, तर ती बाटली या कामाची नाही.

पहिला प्रकार क्विक डिटेलर. पाणी, घसरण देणारे पॉलिमर, थोडं सिलिकॉन. ओल्या गाडीवर चालतो, चुका पोटात घालतो, डाग-पट्टे क्वचितच सोडतो. टिकाऊपणा फार तर एक-दोन धुण्यांचा. पहिल्यांदाच असा स्प्रे घेणाऱ्याने हाच घ्यावा.

दुसरा स्प्रे वॅक्स. त्यात कार्नोबा नावाच्या पामच्या पानांवरचं मेण असतं किंवा कृत्रिम मेण. गडद रंगांना खोल चमक देतो. पण आपल्याकडच्या उन्हाळ्यात मेण लवकर उतरतं आणि जास्त मारलं तर तेलकट पट्टे राहतात, त्यावर धूळ बसते. दिवाळी ते होळी ठीक, एप्रिल-मेमध्ये पैसे वाया.

तिसरा सिरॅमिक स्प्रे, लेबलावर सिलिका किंवा एसआयओटू असं लिहिलेलं असतं. पाणी अंगाला लागू न देण्यात आणि टिकण्यात हा सगळ्यांच्या पुढे. यातही दोन जाती आहेत. एक, ओल्या गाडीवर मारून टॉवेलने पुसायची. दुसरी, ओल्या गाडीवर मारून लगेच जोरदार पाण्याने धुऊन काढायची. मेग्वायर्सचा हायब्रिड सिरॅमिक वॅक्स किंवा सोनॅक्सचा स्प्रे अँड सील या दुसऱ्या जातीत येतात. वस्तू वाईट नाहीत, पण त्यांना प्रेशर पंप किंवा दमदार नळ लागतो आणि एक धुणं जास्तीचं लागतं. २०१६ च्या उन्हाळ्यात ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथल्या टँकरवरच्या कॉलनीत ही जात परवडत नाही. शिवाय ते शेवटचं पाणी बोअरचंच असेल तर डागांचा प्रश्न पुन्हा पहिल्यापासून सुरू.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पाण्याचे टपोरे मोती उभे राहणं म्हणजे स्प्रे उत्तम, असं जाहिरातीतल्या चित्रांमुळे वाटतं. जड पाण्यात उलट होतं. उभा मोती आपले सगळे क्षार एका टिकलीएवढ्या जागेत सोडून आटतो, त्यामुळे डाग ठळक पडतो. पाणी चादरीसारखं एकसंध घसरून खाली उतरतं ते आपल्याला जास्त उपयोगी. मोती करणारा स्प्रे मारलाच, तर पुसायला उशीर चालत नाही.

चौथा प्रकार रिन्सलेस वॉशचं कॉन्सन्ट्रेट. मुळात ही वस्तू फार कमी पाण्यात, न खळबळता गाडी धुण्यासाठी आहे. ऑप्टिमम नो रिन्स हे त्यातलं जुनं, माहितीचं नाव. साधारण एक भाग द्रव आणि २५६ भाग पाणी, म्हणजे लिटरला ४ मिली, या प्रमाणात पातळ करून तेच स्प्रेच्या बाटलीत भरलं की वाळवायचा स्प्रे तयार. यातले पॉलिमर घसरण छान देतात आणि मागे तेलकट थर सोडत नाहीत. प्रत्येक कंपनीचं प्रमाण वेगळं असतं, लेबलावरचं पाळा. ५०० मिलीच्या बाटलीतून या हिशेबाने १२५ लिटर स्प्रे होतो. एका गाडीला २०० मिली फवारला तरी मूळ द्रव एक मिलीहूनही कमी लागतो.

मग घ्यायचा कुठला?

टीडीएस ५०० च्या वर असेल, गाडी उघड्यावर उभी राहत असेल आणि पाणी मोजून वापरावं लागत असेल, तर रिन्सलेस कॉन्सन्ट्रेट घ्या, तेही आरओच्या किंवा एसीच्या पाण्यात पातळ केलेलं. मराठवाड्यातल्या निम्म्याहून जास्त गाड्यांना आमच्या मते हेच उत्तर लागू पडतं. धरणाचं नळाचं पाणी येतं आणि पार्किंगला सावली आहे, तर तयार क्विक डिटेलर पुरे. सिरॅमिक स्प्रे दर धुण्याला मारायची वस्तूच नाही. दोन-तीन महिन्यांतून एकदा, नीट सावलीत, वेळ काढून मारा आणि मधल्या धुण्यांना साधा स्प्रे वापरा.

गाडीवर आधीच काय आहे तेही बघावं लागतं. शोरूममधून सिरॅमिक कोटिंग करून घेतलं असेल तर मेणाचा स्प्रे त्यावर मारू नका. कोटिंगचा पाणी सोडण्याचा गुण मेणाखाली झाकला जातो आणि मालकाला वाटतं कोटिंग गेलं. सिलिकावाला किंवा रिन्सलेस चालतो. मॅट रंग किंवा मॅट फिल्म असेल तर फक्त ‘मॅटसाठी’ लिहिलेलाच, नाहीतर चकाकीचे चट्टे उठतात. दरवाजा किंवा बंपर नुकताच रंगवून आणला असेल तर पेंटर सांगेल तितके दिवस, सहसा एक-दोन महिने, त्या भागाला मेण-सिरॅमिक काही नको. ताज्या रंगातला सॉल्व्हंट उडून जायला वाट हवी. आणि उलट बाजूने, गाडी रंगायला टाकण्याआधी सिलिकॉनचा स्प्रे वापरत होतो हे पेंटरला सांगा. पत्रा नीट पुसला नाही तर नव्या रंगात माशाच्या डोळ्यांसारखे बारीक खड्डे पडतात.

किमतीचा हिशेब बाटलीवर करू नका, धुण्यावर करा. ट्रिगर एकदा दाबला की साधारण १ मिली द्रव येतो. हॅचबॅकला २५ ते ३० दाब, एसयूव्हीला ४० ते ४५. समजा ५०० मिलीची तयार बाटली ५०० रुपयांना पडली. हॅचबॅकला दर धुण्याला २५-३० रुपये, १६ ते २० धुणी. समजा कॉन्सन्ट्रेट त्याच्या तिप्पट किमतीचं मिळालं, तरी धुण्यामागे पाच रुपयेही होत नाहीत.

जे घ्यायचंच नाही तेही सांगून टाकू. डॅशबोर्ड आणि टायर चमकवायचं सिलिकॉन पॉलिश हे वाळवायचा स्प्रे नव्हे. ते पत्र्यावर तेलकट बसतं आणि दुपारपर्यंत धूळ ओढून घेतं. काही वॉशिंग सेंटरवर शेवटी डिझेल किंवा रॉकेलचा बोळा फिरवतात. गाडी तासभर झळकते, पण रबराच्या पट्ट्या फुगतात आणि असलेलं मेण निघून जातं. नको म्हणून स्पष्ट सांगा.

मारायची पद्धत

वेळ सकाळी आठच्या आत किंवा सूर्य कलल्यावर. परभणी-नांदेडकडे मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो आणि काळ्या बॉनेटला दुपारी हात लावून बघायची सोय नसते. पत्र्यावर तळहाताची मागची बाजू दहा सेकंद आरामात टेकवता आली तरच सुरुवात करा. गाडी आत्ताच चालवून आणली असेल तर बॉनेट उघडून अर्धा तास गार होऊ द्या.

शॅम्पू पूर्ण निघाला पाहिजे. शॅम्पूचा फेस आणि स्प्रे एकत्र आले की धुरकट पट्टे उठतात आणि दोष स्प्रेला दिला जातो. शेवटचं पाणी पाइपची तोटी काढून, कमी दाबाने, छतापासून सोडा. एकसंध धार खाली उतरताना स्वतःसोबत बरंच पाणी ओढून नेते. पाइप नसेल तर झाडांना पाणी घालायची झारी घ्या, त्यात चार-पाच लिटर आरओचं किंवा पावसाचं साठवलेलं पाणी भरा आणि छत, काचा, बॉनेट, डिकी यांवरून फिरवा. बोअरचं पाणी असं चांगल्या पाण्याने ढकलून दिलं की अर्धे डाग तिथेच टळतात. इतकं काम कुठलीही बाटली करत नाही, खरं सांगायचं तर.

आता गाडी ओली असतानाच एक भाग घ्या. आधी छताचा अर्धा. हातभर अंतरावरून दोन-तीन फवारे. वारा असेल तर पत्र्यावर न मारता टॉवेलवर मारा. टॉवेल घडी घालून हलकेच ठेवा आणि एका दिशेने आपल्याकडे ओढा. दाबायचं नाही, गोल फिरवायचं नाही. ओढल्यानंतर मागे पातळ ओलसर धूसरपणा दिसतो आणि पाच-दहा सेकंदांत आपोआप नाहीसा होतो. असं झालं तर प्रमाण बरोबर. धूसरपणा तसाच राहिला तर स्प्रे जास्त झालाय. टॉवेल अडखळून किर्र आवाज करतोय तर कमी पडलाय.

छत, काचा, बॉनेट, डिकी, मग दरवाजांचा वरचा भाग, शेवटी खालचा. खालच्या पट्टीला आणि चाकांच्या कमानीला वेगळं फडकं ठेवा. काळी माती तिथे आतल्या कडेला चिकटून असते आणि ओली झाली की सुटते. तोच टॉवेल नंतर बॉनेटवर गेला तर सगळं मुसळ केरात. बाजूचे आरसे, हँडल, पेट्रोलचं झाकण, नंबर प्लेट यांतून पाणी नंतर पाझरतं. गाडी दोन फूट पुढे-मागे घ्या, दरवाजे एकदा उघडून मिटा आणि त्या जागा पुन्हा टिपून घ्या.

पुढच्या काचेवर मेण किंवा सिलिकॉनवाला स्प्रे जाऊ देऊ नका. वायपर थरथरत सरकतो आणि रात्री समोरच्या गाडीचे दिवे फुटून डोळ्यांवर येतात. काचेला रिन्सलेसवालं पाणी चालतं. ब्रेकच्या चकतीवर, टायरच्या नक्षीवर, दुचाकीच्या सीटवर आणि पायठेवणीवर कुठलाच स्प्रे नको. घसरण द्यायला बनवलेली वस्तू तिथेही घसरणच देणार.

नवीन बाटली आणली की पहिल्या दिवशी सगळी गाडी तिच्या हवाली करू नका. बॉनेटच्या मधोमध मास्किंग टेपची पट्टी लावा, एका बाजूला स्प्रे मारून पुसा, दुसरी बाजू नुसती पुसा. टॉवेल कुठे सहज सरकला, डाग कुठे राहिले, संध्याकाळी धूळ कुठे जास्त बसली, हे तिन्ही बघा. धुळीचा मुद्दा हलका घेऊ नका. साखर कारखान्यांच्या हंगामात उसाच्या चिपाडाची काळी राख उडते, त्या पट्ट्यात चिकट स्प्रे मारलेली गाडी दोन दिवसांत मळते.

काय बिघडतं आणि का

पांढरे पट्टे उठले तर बहुतेक वेळा पत्रा गरम होता किंवा सिरॅमिक स्प्रे जास्त झाला. त्याच स्प्रेचा एक फवारा पुन्हा मारून लगेच दुसऱ्या कोरड्या टॉवेलने पुसा. ताजं असेल तर निघतं. दिवसभर राहिलं तर कडक होतं आणि मग पॉलिशवरच जातं.

पातळ केलेल्या स्प्रेमध्ये दह्यासारखे कण दिसले तर पाणी जड होतं. फेकून द्या, पुन्हा बनवा. बनवलेलं महिन्याच्या आत संपवा, पाणी शिळं होतं. तयार बाटली उन्हाळ्यात डिकीत ठेवली तर आतलं मिश्रण फाटून तेल-पाणी वेगळं होतं. हलवून पुन्हा एकजीव झालं नाही तर ती बाटली गाडीच्या रंगावर नको.

फवारणीचा पंप वापरायचा मोह आवरा. दोन लिटरचा नवा हातपंप या कामाला झकास आहे, पण कपाशीला औषध किंवा तणनाशक मारलेला पंप कितीही धुतला तरी त्याच्या नळीत आणि वॉशरमध्ये अंश राहतो. तो हातावर, टॉवेलवर आणि तिथून घरात येतो.

आधीचे डाग असतील तर स्प्रे ते काढत नाही, त्यांच्यावर चमक चढवतो एवढंच. पांढरं व्हिनेगर आणि आरओचं पाणी समप्रमाणात घ्या, फडकं भिजवून सावलीतल्या गार पत्र्यावर अर्धा मिनिट ठेवा, मग भरपूर पाण्याने धुवा. चुन्यासारखा क्षार आम्लात विरघळतो. तिथलं मेणही निघतं, म्हणून नंतर स्प्रेचा हात द्या. एवढ्यानेही वर्तुळ राहिलं आणि नखाला खाच लागत असेल तर डाग क्लिअर कोटमध्ये उतरलाय, तो पॉलिशवाल्याचा विषय. संडास धुवायचं ॲसिड लावून बघणारे आहेत; त्याने डागाबरोबर क्रोमची पट्टीही जाते.

दसऱ्याला गाडी धुऊन पूजा करण्याआधी स्प्रे मारून घेतला तर बॉनेटवरचं हळद-कुंकू दुसऱ्या दिवशी निघायला सोपं जातं. तरीही ओलं कुंकू चार दिवस उन्हात राहू देऊ नका, पांढऱ्या गाडीवर गुलाबी छटा धरते.

टॉवेल

स्प्रेवर पाचशे रुपये आणि पुसायला जुनं बनियन, हे गणित जुळत नाही. सिग्नलवर मिळणारं पिवळं गुळगुळीत शॅमॉयसारखं फडकंही नको. ते पाणी ओढतं, पण मातीचा कण पोटात न घेता रंगावरून फिरवतं. पिळदार फाशांचा मायक्रोफायबर टॉवेल घ्या, साधारण ५० बाय ८० सेंटिमीटर, ५०० जीएसएमच्या (चौरस मीटरमागे ग्रॅम वजनाच्या) पुढचा. हॅचबॅकला एक मोठा आणि शेवटच्या हाताला एक छोटा पुरतो. एसयूव्हीला मोठे दोन, कारण चिंब भिजलेला टॉवेल पाणी उचलत नाही, पसरवतो.

नवा टॉवेल एकदा धुऊनच वापरा, नाहीतर धागे सोडतो. धुताना कपडे मऊ करायचं द्रव घालू नका, त्याने पाणी शोषायची ताकद जाते. बोअरच्या पाण्यात धुऊन धुऊन टॉवेल खरबरीत झाला असेल तर शेवटच्या बादलीत, पाच लिटर पाण्याला अर्धी वाटी व्हिनेगर टाकून दहा मिनिटं भिजवा आणि चांगल्या पाण्यातून काढा. वाळत घालायचा सावलीत, दोरीवर. कंपाउंडच्या भिंतीवर टाकला तर सिमेंटची रेती फाशांत अडकते आणि पुढच्या रविवारी तीच बॉनेटवर फिरते.